गांधीजींच्या समोर बसून डबा खावा का?

अटकेपार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

फेब्रुवारीपासून माझं ऑफिस लंडनला यूस्टन स्टेशनजवळ हललं. जेवायची सुट्टी पाऊण तास. पँट्रीत डबा उघडला की लसणाच्या फोडणीवर कुणी चकार शब्द काढत नाही, फक्त कुणीतरी उठून खिडकी उघडतं. म्हणून ऊन असलं की मी डबा घेऊन टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत जातो. लोखंडी कठडा, आत चिनाराच्या जातीची आभाळाला भिडलेली झाडं, हिरवळ, बाकं आणि मधोमध उघड्या अंगावर पंचा लपेटून, मांडी घालून बसलेले गांधीजी. डोकं जरा खाली, जणू आपल्या डब्यात काय आहे तेच बघतायत. चौथऱ्यात देवळीसारखी पोकळी आहे, तिच्यात लोक फुलं, मेणबत्त्या ठेवतात. एक फेरी मारायची, बाकावर बसून पोळी-भाजी खायची, परत कामाला.

माझ्या नेहमीच्या बाकापासून चार पावलांवर एक भलाथोरला करडा खडक आहे. त्याला पाठपिशवी टेकवायची सवय लागली होती. परवा, १५ मेला गेलो तर खडकाभोवती पन्नाससाठ माणसं. कुणी नावं वाचतंय, कुणी एकेक फूल ठेवतंय, मग सगळे गप्प. एका आजींनी मला कागद दिला. खडकावर काय कोरलंय ते तीन महिन्यांत मी पहिल्यांदा वाचलं. ठार मारायला नकार देण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे तो टिकवून आहेत, त्या सगळ्यांना तो अर्पण केलाय. युद्धात बंदूक उचलायला नाही म्हणून तुरुंगात गेलेल्यांचं स्मारक! आणि मी त्याला पिशवी टेकवून वांग्याचे काप खात होतो.

लाज वाटली, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून पँट्रीतच जेवतोय. तर प्रश्न असा की अशा जागी डबा खाणं बरं दिसतं का? आणि आपल्याकडे भर दुपारी डबा घेऊन जाऊन बसावं अशी बाग कुठे आहे?

---

खवचट_काकू

वांग्याचे काप तांदळाच्या पिठीत घोळवले होते की रव्यात? महत्त्वाचं ते लिहिलंच नाहीत.

---

भटका_बोका

धागा आवडला. त्या भागात मी सहा वर्षं काढलीत, म्हणून थोडी भर.

त्या चौकाला लोक शांतता उद्यान म्हणतात, पण कुणी ठरवून ते बांधलं असं नाही. चौक १८२० च्या दशकातला, बेडफर्डच्या ड्यूकच्या जमिनीवरचा. शांतता तिथे एकेक करून राहायला आली. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाला नेहरू आले होते, त्या जूनमध्ये त्यांनी तिथे तांबूस पानांचं बीचचं झाड लावलं. ६ ऑगस्ट १९६७ ला कॅम्डनच्या महापौरबाईंनी हिरोशिमातल्या मृतांसाठी चेरी लावली. १९६८ च्या मे महिन्यात पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी गांधींच्या पुतळ्याचं अनावरण केलं. शिल्पकार फ्रेडा ब्रिलियंट, मूळची पोलंडची. १९८६ हे संयुक्त राष्ट्रांचं शांतता वर्ष, तेव्हा ज्यू स्त्रियांच्या संघटनेने मेपल लावला. तुमचा खडक या सगळ्यांत धाकटा, १९९४ चा.

६ ऑगस्टला दुपारी त्या चेरीपाशीही माणसं जमतात. तेव्हा पुन्हा दचकू नका :)

---

निवांत_पाटील

म्हणजे आमच्या चाळीसारखं. एकाने तुळस लावली, दुसऱ्याने जास्वंद, तिसऱ्याने साईबाबा बसवले, आणि वीस वर्षांनी कमान उभी राहिली: 'साई उद्यान'.

---

पानिपतचा_वारस

एक काडी टाकून जातो. सैन्यात जायला नकार देणाऱ्यांच्या खडकाशेजारी गांधी कसे चालतात म्हणे? १९१८ साली हेच गांधी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून इंग्रजांसाठी सैन्यभरती करत होते. त्या खडकावरच्यांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, आणि यांना त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या युद्धपरिषदेचं आमंत्रण होतं. हलकेच घ्या.

---

चिवडा_विथ_पॉपकॉर्न

आला, आला, गांधी आला! आता दोनशे प्रतिसाद नक्की. जागा पकडून बसलोय.

---

सुमती_ताई

@पानिपतचा_वारस, माहिती खरी आहे, पण अर्धी. बोअर युद्धात आणि १९०६ च्या झुलू बंडातही त्यांनी रुग्णसेवेची पथकं काढली होती. साम्राज्याचे नागरिक म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही करायला हवं, अशी तेव्हाची त्यांची समजूत. खेड्यात लोकांनी त्यांना दारात उभं केलं नाही. साराबंदीच्या वेळी गाड्या फुकट देणारे भरतीच्या वेळी भाड्यानेही गाडी देईनात. त्या दगदगीत ते इतके आजारी पडले की आता वाचत नाही असं त्यांना वाटलं. अहिंसा सांगणारा माणूस भरतीला कसा निघाला, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांनीही त्यांना तोंडावर विचारला होता.

आणि भरतीवरून गांधींना धरायचं तर मग टिळकांचं काय? त्याच १९१८ मध्ये टिळकांनी गांधींना पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो. नाही दिली तर हे पैसे जप्त, अशी पैज. भरती सौदा म्हणून करायची नाही, म्हणून गांधींनी चेक परत केला. दोघांचे स्वभाव त्या एका चेकात आले बघा.

---

पानिपतचा_वारस

चेकची गोष्ट ठाऊक नव्हती. मान्य. पण मग पुतळा कुणाचा, १९१८ च्या गांधींचा की १९४२ च्या?

---

सुमती_ताई

माणूस एकच होता हो. तुमचा माझा विसाव्या वर्षीचा फोटो लावून कुणी विचारलं तर?

---

चिवडा_विथ_पॉपकॉर्न

विसाव्या वर्षी मला केस होते. आपलं त्याच पुतळ्याला मत.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. नथुराम, फाळणी आणि पंचावन्न कोटी यांवर या संकेतस्थळावर किमान चाळीस धागे आहेत, तिकडे जावे. इथे बाग आणि डबा.

---

सदाशिव_पेठी

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग घेतो. आपल्याकडे दुपारी बागेत डबा? कुठल्या जगात आहात? आमच्या भागातली बाग सकाळी अकराला बंद होते ती चारला उघडते. म्हणजे सावलीची खरी गरज असते त्या वेळात झाडं आत आणि माणसं बाहेर. कुलपाशेजारी पाटी: खाद्यपदार्थ आणण्यास मनाई, हिरवळीवर बसण्यास मनाई, मोठ्याने बोलण्यास मनाई, फुले तोडण्यास मनाई. खाली वेगळ्या रंगात 'आपले स्वागत आहे'.

एकदा रखवालदाराला विचारलं, दुपारी बंद का? म्हणे, "लोकं येऊन बसतात ना."

---

निवांत_पाटील

"लोकं येऊन बसतात" हे कारण फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

---

नारळीपाकवाला

@सदाशिव_पेठी, रखवालदाराचीही बाजू आहे. दुपारी पाणी द्यायचं असतं, झाडलोट असते, आणि दोन माणसांवर चार एकर बाग असते. तेवढ्यात जोडपी आणि त्यांना शोधत आलेले काका. तुम्ही आम्ही डबा खाऊन तेलकट कागद कुठे टाकतो तेही आठवा जरा.

---

फोर्टवाला_दादूस

मुंबईची बाजू मांडतो. नव्वदच्या दशकात आमची बँक फोर्टात होती आणि आमचा डबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत. गोल बाग, भोवती कमानींचे व्हरांडे, समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या. एक बाक कॅशवाल्यांचं, एक शेअर बाजारवाल्यांचं, एकावर एक पारशी म्हातारा रोज एकच पेपर दोनदा वाचायचा. डबे मधे ठेवून फिरायचे. माझ्या आईची भरली भेंडी माझ्या वाट्याला कधी आलीच नाही.

ती बाग कुणा शांततेला वाहिलेली नाही, पण नाव बघा. पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल, गव्हर्नरच्या नावाचं. स्वातंत्र्यानंतर बेंजामिन हॉर्निमनचं नाव दिलं. हा इंग्रज माणूस 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक. १९१९ मध्ये सरकारने त्याला उचलून बोटीत घालून विलायतेला पाठवला. तो १९२६ मध्ये परत येऊन पुन्हा इथेच लिहायला लागला. त्यांच्या शहरात आपले गांधी, आपल्या शहरात त्यांचा हॉर्निमन. फिट्टंफाट.

---

खवचट_काकू

भरली भेंडी मधे ठेवायची नसते, दादूस. आधी खायची, मग डबा उघडायचा.

---

रंकाळ्याचा_वारा

आमच्यात डबा खायला जागा शोधत न्हाई भावा, जिथं डबा उघडंल ती जागा. पर एक सांगतो. आमचा आज्जा पहिल्या युद्धात गेल्ता. परत आला, पर शेवटपतुर बंदुकीला हात लावला न्हाई, शिकारीला सुदिक गेला न्हाई. त्यांच्या नावचा खडक कुठं असंल तर सांगा, मी येतो भाकरी घिऊन.

---

अटकेपार

@रंकाळ्याचा_वारा, दंडवत.

त्या कागदावरचं थोडं सांगतो. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची भरती आली. सद्सद्विवेकाच्या कारणाने नकार देता येईल अशी तरतूद कायद्यात होती, पण पटवायचं कुणाला, तर न्यायमंडळाला. पहिल्या युद्धात सुमारे १६ हजारांनी नकार दिला. त्यांतल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन रांगेत उभं करून मृत्युदंड वाचून दाखवला, आणि थोडं थांबून पुढचं वाचलं: शिक्षा कमी करून दहा वर्षं सक्तमजुरी. त्या "थोडं थांबून" मध्ये काय झालं असेल हे डोक्यातून जात नाही.

आणि खवचट काकू, रव्यात.

---

खवचट_काकू

वाटलंच. म्हणून कुरकुरीत राहात नाहीत.

---

दूरदेशी_दिगंबर

हा धागा दोन दिवस उघडून बंद करत होतो. लिहितोच.

७ जुलै २००५ ला मी यूस्टनला उतरलो. भुयारी गाड्या बंद, कुणी म्हणे वीज गेली. माणसांचे लोंढे रस्त्यावर, बस मिळेल तिकडे पळत होते. यूस्टन रोड बंद केल्यामुळे ३० नंबरची बस नेहमीचा रस्ता सोडून टॅव्हिस्टॉक स्क्वेअरकडे वळवली होती. ९ वाजून ४७ मिनिटांनी तिचा वरचा मजला उडाला. मी एक रस्ता अलीकडे होतो. आवाज ऐकला आणि मला वाटलं बांधकामाचं काहीतरी पडलं. मग एका क्षणात सगळे पक्षी उडाले.

बस बरोबर डॉक्टरांच्या संघटनेच्या इमारतीसमोर होती. आतले डॉक्टर टेबलांच्या फळ्यांवरून जखमींना अंगणात नेत होते. तेरा माणसं गेली तिथे. शहरात एकूण ५२. मी घरी अकरा मैल चालत गेलो. बायकोला फोन लागला तो संध्याकाळी. पुढच्याच वर्षी ११ जुलैला आपल्या लोकलमध्ये झालं तेव्हा माझा भाऊ बोरिवली लोकलची वाट बघत चर्चगेटला उभा होता. तो वाचला. मला जुलै आवडत नाही.

आता त्या बागेत २००५ चं स्मारकही आहे. मी दर वर्षी जातो. आणि सांगतो, तिथे गवतावर पोरं सँडविच खात लोळत असतात ना, त्यानेच मला बरं वाटतं. ती जागा नुसती पाट्यांची झाली असती तर माझे पाय तिकडे वळले नसते. अटकेपार, डबा खा तू.

---

सुमती_ताई

दिगंबर, लिहिलंत ते बरं केलंत.

---

निवांत_पाटील

...

---

डॉ_सुईदोरा

इमारतीचा विषय निघालाय म्हणून. ती ल्युटेन्सची, नवी दिल्लीवालाच तो. मुळात थिऑसॉफिकल सोसायटीसाठी काढली होती, पायाभरणी अ‍ॅनी बेझंटबाईंनी १९११ मध्ये केली. पैसे आणि युद्ध यांत घोडं अडलं आणि १९२५ मध्ये डॉक्टर मंडळी तिथे राहायला आली.

पण मला वेगळंच सांगायचंय. बागेच्या आग्नेय कोपऱ्यात एका बाईंचा दुहेरी अर्धपुतळा आहे, एक चेहरा रस्त्याकडे, एक बागेकडे. गांधींच्या नादात कुणी बघत नाही. लुइझा ऑल्ड्रिच-ब्लेक, शल्यविशारद. शस्त्रक्रियेतली मास्टरची पदवी घेणारी पहिली ब्रिटिश स्त्री. तिचं कॉलेज, म्हणजे स्त्रियांसाठीचं लंडनचं वैद्यक विद्यालय, तिथून पाच-सात मिनिटांवर हंटर स्ट्रीटला होतं. ती १८८७ मध्ये तिथे दाखल झाली.

आणि दोन वर्षांनी मुंबईहून त्याच विद्यालयासाठी कोण बोटीत बसलं? आपल्या रखमाबाई! लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून ज्यांनी कोर्टाला सांगितलं की हुकूम मोडल्याची शिक्षा भोगीन. १८८७ च्या निकालात सहा महिने तुरुंग की नांदणं एवढाच पर्याय होता, आणि त्या तुरुंगाला तयार होत्या. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, मग सुरत आणि राजकोटला आयुष्य गेलं. म्हणजे या दोघी काही काळ एकाच विद्यालयात होत्या.

नकार देण्याच्या हक्काचा खडक त्या बागेत आहे म्हणता ना? माझ्या लेखी त्यावर रखमाबाईंचंही नाव आहे.

---

भटका_बोका

सहा वर्षं त्या पुतळ्यावरून गेलो आणि रखमाबाईंचा संबंध आज कळतोय. वाचनखूण साठवली.

---

पानिपतचा_वारस

हे मात्र भारी. काडी मागे घेतो.

---

फोर्टवाला_दादूस

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. वारसांनी काडी मागे घेतली, तारीख लिहून ठेवा.

---

कंसातली_ऋता

नैऋत्य कोपऱ्यात व्हर्जिनिया वुल्फ पण आहे (२००४ पासून). ती १९२४ ते १९३९ या चौकात ५२ नंबरला राहायची, तळघरात छापखाना. एक अख्खी कादंबरी या चौकाला फेऱ्या मारता मारता सुचली असं तिनेच लिहून ठेवलंय. घर १९४० च्या बॉम्बवर्षावात गेलं, आता तिथे हॉटेल. (मी पण तिथे दुपारी फेऱ्या मारल्यात. मला फक्त एक्सेलमधला चुकलेला फॉर्म्युला सुचला.)

---

चिवडा_विथ_पॉपकॉर्न

चुकलेला फॉर्म्युला बरोबर करणं हीसुद्धा निर्मिती आहे. ऋता +१.

---

नारळीपाकवाला

हिवाळ्यासाठी टीप: यूस्टन रोडवर स्टेशनच्या समोरच क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचं फ्रेंड्स हाउस आहे. उपाहारगृह स्वस्त आणि कोणी हाकलत नाही. खडकावाल्या लोकांत क्वेकर बरेच होते. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकर संस्थांना मिळालं. १९४८ चं कुणालाच दिलं नाही, हयात असा योग्य उमेदवार नाही म्हणे. कुणाबद्दल ते, समजून घ्या.

---

सदाशिव_पेठी

पुण्यात म्हणाल तर आगाखान पॅलेस. तिकीट काढा, आत महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आहेत. एक १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, दुसऱ्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, दोघंही तिथेच कैदेत. झाडं उत्तम, दुपारी उघडं. पण तिथे मला डबा उघडवला नाही. का ते सांगता येत नाही. टॅव्हिस्टॉकवाल्याला चालेल, मला आगाखानात नाही चालणार. विसंगती मान्य.

---

दूरदेशी_दिगंबर

विसंगती कसली. तिथे माणसं पुरलेली, जाळलेली आहेत. इथे त्यांची नावं आहेत.

---

नारळीपाकवाला

दिगंबर, ७ जुलैची माणसं गेली ती कठड्यापलीकडे दहा पावलांवर.

---

दूरदेशी_दिगंबर

हो. म्हणूनच मी नियम सांगत नाहीये. मला काय वाटतं तेवढंच सांगतोय.

---

अटकेपार

आज गेलो. सगळ्यांचे आभार मानायच्या आधी वृत्तान्त.

पाऊस पडून गेलेला, बाकं ओली. आधी डॉक्टरांचा कोपरा गाठला. दुहेरी पुतळा बघितला, एका डोक्यावर कबूतर. मग हिरोशिमाची चेरी शोधली. मोहर कधीच सरलाय, साधं झाड, पाटी वाचल्याशिवाय कळणारही नाही. २००५ च्या दगडापाशी दिगंबरकाकांच्या वतीने जरा उभा राहिलो, चालेल ना?

खडकापाशी आलो तर पंधरा मेच्या फुलांचे नुसते देठ उरले होते. आणि गांधीजींच्या पायाशी परवाच्याच त्या आजी! हात कोपरापर्यंत देवळीत घालून सुकलेला झेंडू आणि विझलेल्या मेणबत्त्यांची भांडी काढत होत्या. मला म्हणाल्या, पिशवी धर. मी पिशवी धरली. तळाशी एक ओला झालेला हार होता, त्याला पाच रुपयांचं नाणं चिकटलेलं. ते त्यांनी पुसून परत आत ठेवलं.

मग मी धीर करून विचारलं की मी या खडकाजवळ बसून जेवायचो, चालतं का? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर म्हणाल्या, माझे वडील दुसऱ्या युद्धात नकार देऊन शेतावर कामाला लागले होते, ते रोज बांधावर बसूनच जेवायचे. आणि डब्यात काय आहे ते विचारलं.

कोबीची भाजी होती. अर्धी पोळी त्यांनी खाल्ली. तिखट लागली, पण मोहरी आवडली म्हणाल्या.

पाठपिशवी मात्र मांडीवर ठेवली.

---

खवचट_काकू

पाहुणीला कोबी?? गुरुवारी आजी भेटणार असतील तर काप ने. पिठीत घोळवून. थोडा रवा चालेल वरून.

---

अटकेपार

नेतो काकू. पिठी ड्रमंड स्ट्रीटला मिळेल.